गंगाविलासचा पडदा

१

ही १९८६ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती आणि लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. नव्या जिल्ह्याला कलेक्टर आला, एसपी आला, दिव्याच्या गाड्या आल्या. पाणी तेवढं आलं नाही. कॉलेजं मात्र भराभर निघत होती, तालुक्यातालुक्यांतून पोरं येऊन खोल्या भाड्यानं घेत होती, आणि कालपर्यंत एका सहीसाठी उस्मानाबादला हेलपाटे घालणारी माणसं आता राजधानीत राहत असल्यासारखी मान ताठ करून चालत होती.

त्या बुधवारी सकाळी पार्वतीबाई सूर्यवंशी नांदेडच्या पहिल्या एसटीनं लातूरला उतरल्या. वय एकसष्ट. नांदेडच्या मुलींच्या शाळेतून तीन वर्षांपूर्वी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. थापा मारणाऱ्या पोरीकडे चष्म्यावरून बघायची त्यांची सवय अजून गेली नव्हती. फक्त आता पोरींच्या जागी सगळं जग आलं होतं.

धाकटा भाऊ लिंबाजी गंगाविलास नाट्यगृहाच्या फाटकाबाहेर उकिडवा बसला होता. शेजारी त्याची बायको नागुबाई, दोन गाठोडी आणि एक पत्र्याची ट्रंक. बहिणीला जयभीम घालायचंही त्याला सुचलं नाही.

"आक्का, म्या न्हाई घेतला पडदा."

"घेतलास असं मी म्हटलं का? आधी सगळं नीट सांग."

गंगाविलास म्हणजे गंजगोलाईच्या, गावातल्या गोल बाजारपेठेच्या, मागच्या गल्लीतलं अडीचशे खुर्च्यांचं नाट्यगृह. निजामाच्या अमदानीत, एकोणीसशे सव्वीस साली, मलप्पा शेठच्या आजोबांनी बांधलेलं आणि आजीच्या, गंगम्माच्या, नावावरून ओळखलं जाणारं. त्याचा दर्शनी पडदा हैदराबादहून आलेल्या चित्रकारानं तिथंच रंगमंचावर बसून रंगवला होता: बाग, कारंजं, संगमरवरी जिना आणि दोन मोर. खडूच्या भुकटीत सरस कालवून केलेला तो रंग. एका साली छत गळलं तर एका मोराचा पिसारा ओघळून गेला होता. पार्वतीबाईंचे वडील मारोती हा पडदा ओढायचे. त्यांच्यामागं लिंबाजी ओढू लागला. तो नाट्यगृहामागच्या खोलीत राहायचा आणि पडद्याला पोटच्या पोरीसारखा जपायचा.

उद्या, गुरुवारी, मुंबईहून सरकारी पाहणीदार येणार होता. पडदा बघून तो ठरवणार होता, गंगाविलास जतन करण्यासारखं आहे की नाही. पडदाच नसेल तर जतन कशाचं करायचं? भिंती पाडायच्या आणि जागा मोकळी.

आणि मंगळवारी सकाळी वर नुसता वेळू लोंबत होता. पडदा ज्या दोऱ्यांनी बांधला होता त्या सगळ्या कापलेल्या.

"सोमवारी अकराला म्या तिघांसमोर उलगडून दाखवला," लिंबाजी सांगू लागला. "मलप्पा शेठ, किशनराव वकील आन् कॉलेजचे श्रीमंत सर. परत गुंडाळून वर नेला. मंग एकच्या सुमाराला टँकर आल्याची बोंब झाली. आपल्या गल्लीत टँकर येत न्हाई, पार गोलाईच्या पलीकडं जावं लागतंय. नुसती कडी लावून आमी दोघं घागरी घेऊन पळालाव. आलाव तवा अडीच झालते. मान वर करून बगायचं कुनाला सुचलं न्हाई."

"कुलूप का नाही लावलंस?"

"टँकर आल्यावर कुलूप कोन हुडकतंय, आक्का?" नागुबाई म्हणाली.

याच तिघांच्या नाट्यगृह समितीनं ठराव केला होता. आज संध्याकाळी पाचपर्यंत लिंबाजीनं पडदा आणून द्यावा, नाहीतर पोलिसात फिर्याद आणि खोली खाली. फिर्यादीचा कागद लिहून तयार होता. खोली खाली करून घ्यायला मात्र त्यांना पाचची वाट बघवली नव्हती.

पार्वतीबाईंनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा. साडेपाच तास होते, आणि समोर तीन शहाणे.

२

मलप्पा शेठचं आडत दुकान नाट्यगृहाला खेटून होतं. आजोबांनी नाट्यगृह बांधलं, वडिलांनी त्यात नाटकं केली, आणि नातू गेली दहा वर्षं त्यात तुरीची पोती किती मावतील याचा विचार करत होता. विचार पुरा होत नव्हता म्हणूनच नाट्यगृह टिकलं होतं.

"या बाई. मारोतीची लेक ना तुम्ही? लई शिकलाव म्हणं."

"शिकले. लिंबाजीनं पडदा नेला असं तुम्हाला वाटतं का, शेठ?"

"मला काय वाटायचंय? किल्ली तवा त्याच्याकडं होती. वकीलसाहेब म्हनले ठराव करू. केला."

"म्हणजे डोकं वकिलाचं आणि सही तुमची."

मलप्पाला हे कौतुक वाटलं. त्यानं मान हलवली.

"सोमवारी एक ते अडीच तुम्ही कुठं होता?"

शेठ जागच्या जागी चुळबुळला. "काय सांगू बाई. घरात थेंब नव्हता, गडी निलंग्याला गेलता. आमच्या शिवम्मानं घागर हातात दिली आन् दाराबाहेर ढकललं. अय्यो! टँकरच्या लाईनीत दीड घंटा. अख्खा बाजार बघत होता."

पार्वतीबाईंचा घसा एव्हाना सुकला होता. नाट्यगृह बांधताना रंगमंचाच्या फळ्यांखाली एक आड खणला होता, बोलणाऱ्याचा आवाज घुमून लांब जावा म्हणून. त्याचं पाणी गोड होतं असं सगळे म्हणायचे. त्यांच्या वडिलांना मात्र पडद्याचा दोर हातात धरायची मुभा होती, त्या आडाचा दोर धरायची नव्हती. ते घरून तांब्या घेऊन जायचे.

"तुमच्या आडाचं पाणी मिळेल का घोटभर?"

"आड? होळीपासून कोरडाठाक हाय. जन्मात पयल्यांदा आटला. थांबा, माठातलं देतो."

त्यानं पेला भरला आणि त्यांच्या हातात न देता टेबलावर, कडेला ठेवला. पार्वतीबाईंनी त्या पेल्याकडे आणि मग चष्म्यावरून शेठकडे पाहिलं. पेला त्यांनी तिथंच राहू दिला.

"येते मी. चारला नाट्यगृहाची किल्ली लागेल."

"वकीलसाहेबांना इचारून..."

"शेठ, नाट्यगृह तुमच्या आजोबांचं की वकिलाच्या?"

जो शेवटचा बोलेल त्याचं ऐकायचं, हा मलप्पाचा स्वभाव पार्वतीबाईंनी पाच मिनिटांत ओळखला होता. किल्ली त्यानं लगेच काढून दिली. वर आवाज खाली आणून म्हणाला, "आन् बाई, त्या पडद्याच्या जिवावर उठलेला माणूस मी न्हवं. तो मागं निंबाखाली बसलाय बगा."

३

कडुनिंबाखाली प्राध्यापक श्रीमंत बिडवे कॉलेजच्या पोरांची तालीम घेत होते. दाढी, झोळी, आणि एप्रिलच्या उन्हात जाड खादीचा झब्बा. घाम येणं हेही त्यांच्या नाट्यविचाराचा भाग असावं.

"तो पडदा म्हणजे सरंजामी सौंदर्यदृष्टीचं प्रेत आहे," पोरांना ऐकू जाईल अशा बेतानं ते म्हणाले.

"प्रेत नेलं कोणी, सर?"

"मी नाही. मी जाळलं असतं! भर चौकात. आणि त्यावर लेख लिहिला असता."

पार्वतीबाईंना हे पटलं. असा माणूस खाली आपलं नाव टाकल्याशिवाय गुन्हाही करणार नाही.

"सोमवारी टँकर आला तेव्हा?"

"लाईनीत होतो, बादली घेऊन. बुद्धिजीवीलाही तहान लागते. तुमच्या भावजयींनाच विचारा. मला ढकलून पुढं घुसल्या."

फाटकाजवळून नागुबाई ओरडली, "ढकलीन न्हाई तर काय करीन! लाईनीत उभं राहून पुस्तक वाचायलते! मागं मलप्पा शेठ कोकलायलता, पुढं ह्ये पान उलटायलते!"

पोरं फिदीफिदी हसली. सरांनी चष्मा पुसला.

"प्यायला पाणी आहे का?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"आहे. कळशी रोज घरून आणतो. आड आटल्यापासून हेच चाललंय." त्यांनी पेला भरून हातात दिला. एवढ्यापुरता पार्वतीबाईंनी त्यांचा झब्बा माफ केला.

"तालीम अशी उन्हात का? आत रंगमंच मोकळा आहे."

"आत काय करू? सोमवारी तीनला आत घेतली. शेवटच्या रांगेत बसलो तर एक अक्षर कानावर येईना. रविवारी हीच मुलं खणखणीत बोलत होती. घसे बसलेत त्यांचे, दुसरं काय! धूळ किती आहे हवेत. आणि गंमत म्हणजे इथं बाहेर बरे बोलतात."

पार्वतीबाईंचा पेला तोंडाशीच थांबला.

"रविवारी खणखणीत, आणि सोमवारी तीनला एक अक्षर नाही?"

"तेच म्हणतोय मी."

तीन वर्षं नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला धूळ दिसली. पाणी संपवून पार्वतीबाई रिक्षा शोधायला निघाल्या. आत जायच्या आधी तिसऱ्याचं तोंड बघायचं राहिलं होतं.

४

किशनराव वकिलांचा बंगला नव्या वसाहतीत होता. लातुरात माणसं घागरभर पाण्यासाठी एकमेकांच्या झिंज्या धरत होती, आणि इथं हिरवळीवर रबरी नळी मोकळी सोडलेली. आत भिंतीवर एका भल्यामोठ्या इमारतीचा नकाशा लावला होता. वर लिहिलं होतं, जिल्हा सांस्कृतिक भवन. त्याखाली किशनरावांच्या वडिलांचं नाव, इमारतीच्या दारापेक्षा मोठ्या अक्षरांत.

"हजार आसनं," किशनराव म्हणाले. "वातानुकूलित. जिल्ह्याला शोभेल असं."

"जागा कुठली?"

"बघू. गावाच्या मध्यभागी असावी. पण आधी गंगाविलासचं काय ते ठरू द्या. पडदा गेल्याचं मला अतिशय दुःख आहे, बाई. लिंबाजीला मी लहानपणापासून ओळखतो. ही माणसं स्वभावानं वाईट नसतात, पण..."

"कुठली माणसं?"

"म्हणजे, गरीब."

"हो का. मला वाटलं, दुसरं काही म्हणताय."

किशनरावांनी खोकून घेतलं. पार्वतीबाईंनी विचारलं, "सोमवारी दुपारी टँकरला होता का तुम्ही?"

ते मनापासून हसले. "मी? टँकरला? आमच्या बोअरला भरपूर पाणी आहे. जेवून घरीच पडलो होतो. बायको माहेरी आहे, त्यामुळं साक्षीदार तेवढा नाही."

"गंगाविलासच्या गल्लीत टँकर का येत नाही, काही कल्पना?"

"कल्पना काय, मीच तहसीलला लिहून दिलंय. दारात चिखल, बायकांचा आरडाओरडा, मुंबईचे पाहुणे येणार. बरं दिसतं का? आणि त्या गल्लीची सोय गल्लीतच आहे की."

कसली सोय, हे पार्वतीबाईंनी विचारलं नाही. तीस वर्षांच्या नोकरीत त्या एक गोष्ट शिकल्या होत्या: पोरगी आपणहून बोलत असेल तर मध्ये प्रश्न घालू नये.

"पाचला भेटू," त्या उठल्या. "रंगमंचावरच बसू या ना? तिन्ही सभासद या. लिंबाजीलाही आणते."

"पडदा घेऊन येणार तो?" किशनरावांनी हसून विचारलं.

"येईल," पार्वतीबाई म्हणाल्या. हसू तिथंच विरलं.

५

चाळीस वर्षांनी पार्वतीबाई गंगाविलासमध्ये शिरल्या. जुन्या लाकडाचा वास तोच होता. खुर्च्यांच्या वेतात भोकं पडली होती. लहानपणी त्यांना या खुर्च्यांवर कधी बसता आलं नाही. वडिलांच्या पायाशी, दोरांच्या गुंत्यात बसून त्यांनी नाटकं पाहिली. राजाचा मुकुट पुठ्ठ्याचा असतो आणि राणीला दाढी येते हे त्यांना सातव्या वर्षीच कळलं. पुढं मोठमोठ्या माणसांना त्या कधी भ्यायल्या नाहीत, त्याचं मूळ बहुतेक इथंच असावं.

लोक यायच्या आधी वडील त्यांना रंगमंचावर उभं करायचे आणि स्वतः शेवटच्या रांगेमागं जाऊन थांबायचे. "हळू बोल," म्हणायचे. त्या पुटपुटायच्या आणि वडील तिकडून हात वर करायचे. ऐकू आलं. "आड आधी ऐकतो," ते सांगायचे, "मग लोकांना सांगतो."

"नागू, मागं जाऊन बस. ऐकू आलं की हात वर कर."

पार्वतीबाई मधोमध उभ्या राहिल्या आणि पुटपुटल्या. नागुबाई तशीच बसून राहिली. त्या नेहमीच्या आवाजात बोलल्या. हात नाही. मोठ्यानं बोलल्या.

"काय म्हनलाव, वन्सं?" नागुबाई कानामागं हात धरून ओरडली. "गोधडीत तोंड खुपसल्यावानी येतंय बगा!"

पार्वतीबाईंनी पायाखालच्या फळ्यांकडे पाहिलं. रिकाम्या मडक्यात बोललं तर घुमतं. त्याच मडक्यात कापूस कोंबला तर?

"ये इकडं. आडाचं झाकण उचलू लाग."

"त्यात काय हाय? होळीपासून कुनी उघडलं बी न्हाई."

"म्हणूनच."

दोघींनी मिळून झाकण सरकवलं. दोन पुरुष खोल, जिथं आडाच्या दगडांचं कडं पुढं आलं होतं, तिथं एक भलामोठा गठ्ठा अडकून बसला होता. वरच्या घडीतून अर्ध्या मोराची मान दिसत होती. गठ्ठ्याला सुंभ बांधलेलं होतं, आणि सुंभाच्या टोकाला खाली मैलाच्या दगडाएवढा धोंडा लोंबत होता.

नागुबाईनं तोंडावर पदर घेतला. "बया! धन्याला हाक मारते!"

"थांब," पार्वतीबाई म्हणाल्या. त्या धोंड्याकडे बराच वेळ बघत होत्या. "कुणाला हाक मारायची नाही. झाकण होतं तसं लाव."

६

पाचला चौघं पुरुष रंगमंचावर जमले. तिघं खुर्च्यांवर, लिंबाजी उभा. त्यालाही खुर्ची द्यावी असं कुणाला सुचलं नाही. पार्वतीबाईंनी आपली त्याच्याकडे सरकवली आणि स्वतः उभ्या राहिल्या. किशनरावांच्या हातात फिर्यादीचा कागद होता.

"पडदा सापडला आहे," पार्वतीबाई म्हणाल्या. "सोमवार दुपारपासून तो या फळ्यांखाली आडात पडलाय."

लिंबाजी ताडकन उठला. मलप्पानं कपाळाला हात लावला. प्राध्यापकांनी एकदा पोरांच्या घशांची आठवण केली असावी. ते खाली बघू लागले. सगळ्यात आधी किशनराव बोलले.

"अरेरे! मग संपलंच की. सरसाचा रंग तो. दोन दिवस पाण्यात! आता नुसतं पांढरं फडकं राहिलं असेल. काढून तरी काय उपयोग?"

मलप्पानं कपाळावरचा हात काढला.

"कुठल्या पाण्यात, वकीलसाहेब?" मलप्पानं विचारलं.

"कुठल्या म्हणजे? आडाच्या!"

"आड तर होळीपासून कोरडा हाय."

"महिनाभर मी घरून कळशी आणतोय," प्राध्यापक म्हणाले. "तुम्हाला माहीत नाही?"

किशनरावांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "नसेल. त्यात काय? माहीत नसणं हा गुन्हा आहे का?"

"नाही," पार्वतीबाई म्हणाल्या. "तसं असतं तर तुम्ही केव्हाच आत गेला असता. लिंबाजी, काढ तो वर."

लिंबाजीनं आणि बाहेरून बोलावलेल्या कॉलेजच्या पोरांनी गळ टाकून गठ्ठा वर ओढला. धोंडा फळ्यांवर धाडकन आदळला.

"आता बघा," त्या म्हणाल्या. "पडदा लपवून पुढं कधी विकायचा असता, तर त्याची घडी घातली नसती, घडीवर रंगाचे पोपडे निघतात. म्हणजे नेणाऱ्याला तो नष्टच करायचा होता. पण पडद्याला धोंडा का बांधला? बुडावा म्हणून. कोरड्या आडात कुणी काही बुडवत नाही. तेव्हा ज्यानं टाकला, त्याच्या लेखी या आडाला पाणी होतं. रंग पाण्यात विरघळणार, मग पडदा कधी वर आला तरी ओळखू येणार नाही."

"बाई, हे तर्क आहेत," किशनराव म्हणाले.

"तर्कच आहेत. ऐका. या दुष्काळात कुठल्या आडाला किती बोटं पाणी आहे हे लातुरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. शेठला ठाऊक, सरांना ठाऊक, लिंबाजी तर रोज इथला. शिवाय एक ते अडीच अख्खी गल्ली टँकरला होती; शेठ आणि सर लाईनीत होते, नागूनं डोळ्यांनी पाहिलंय. टँकरला न जाणारा माणूस एकच. अकरा वाजता पडदा कुठं टांगलाय ते त्यानंही पाहिलं होतं. आणि या आडाला पाणी आहे असं समजून तहसीलला आपल्या सहीनं लिहून देणाराही तोच. 'गल्लीची सोय गल्लीतच आहे,' हे तुमचेच शब्द. टँकर गोलाईपलीकडं गेला तो तुमच्या कागदामुळं. त्यामुळंच इथं दीड तास चिटपाखरू नव्हतं."

"आणि टाकल्यावर मला आवाज आला नसता?" किशनराव उसळून म्हणाले. "पाणी नाही हे कळलं नसतं?"

बोलून गेल्यावर त्यांना आपलं वाक्य ऐकू आलं. अडकलेला गठ्ठा निघाल्यामुळं ते शेवटच्या रांगेतल्या नागुबाईलाही स्वच्छ ऐकू आलं.

"नाही कळलं," पार्वतीबाई म्हणाल्या. "ज्यानं जन्मात कधी पोहरा सोडला नाही, त्याला आडात काही टाकल्यावर आवाज यायला हवा हेही ठाऊक नसतं."

मलप्पा हळूच म्हणाला, "वकीलसाहेब, माझ्या आजोबांचा पडदा हो."

"तुमच्या त्या कोंदट कोठीपायी जिल्हा मागं राहतोय!" किशनराव ओरडले. "हजार आसनांचं भवन उभं राहिलं असतं इथं!"

"वडिलांच्या नावाचं," पार्वतीबाई म्हणाल्या.

मग नेहमीचं सुरू झालं. समितीची अब्रू, उद्याचे पाहुणे, प्रकरण वाढवू नये, झालं गेलं गंगेला मिळालं. पार्वतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमची अब्रू तुम्ही सांभाळा. मला एकच हवं. या कागदात तुम्ही माझ्या भावाला चोर लिहिलंय. त्याच कागदाच्या पाठीवर आता लिहा की तो चोर नाही. तिघांच्या सह्या करा. आणि शेठ, ते तुम्ही इथून वाचून दाखवा. फाटक उघडा, गल्ली आत येऊ दे."

मलप्पानं वाचलं. तो हळू, अडखळत वाचत होता, पण मागच्या भिंतीशी टेकून उभ्या असलेल्या बाया एकेक शब्द ऐकत होत्या. लिंबाजी मात्र ऐकतच नव्हता. तो फळ्यांवर पसरलेल्या पडद्याशेजारी गुडघे टेकून घडीवर निघालेले रंगाचे पोपडे ओंजळीत गोळा करत होता.

७

मुंबईचा पाहणीदार दुसऱ्या दिवशी दोन तास उशिरा आला, पडद्यासमोर चार मिनिटं उभा राहिला, "वा" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. जतनाचा कागद यायला अकरा वर्षं लागली. तोवर गंगाविलास पाडायचं की ठेवायचं हे कुणालाच ठरवता आलं नाही, म्हणून ते राहिलं.

किशनरावांनी प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा दिला. त्यांची प्रकृती तीन वर्षांत सुधारली आणि ते दुसऱ्या समितीवर गेले. सांस्कृतिक भवन त्यांनी गावाबाहेर बांधलंच. तिथं पहिल्या रांगेतसुद्धा माइकशिवाय ऐकू येत नाही.

मलप्पा शेठ पडदा आपणच शोधून काढला असं सांगू लागला, आणि शेवटी शेवटी त्याला ते खरंही वाटत होतं. श्रीमंत सरांनी या सगळ्यावर बत्तीस पानांचा लेख लिहिला. त्यात लिंबाजीचं नाव नाही. नांदेडला विद्यापीठ झाल्यावर ते तिकडं गेले आणि रंगीत पडद्यांचे जाणकार म्हणून व्याख्यानं देऊ लागले. पार्वतीबाई त्यांच्या एका व्याख्यानाला गेल्या होत्या. दहा मिनिटांत उठून आल्या.

पुढच्या सोमवारपासून गल्लीत टँकर येऊ लागला. नागुबाईनं तो पाऊस पडेपर्यंत एकदाही चुकवला नाही.

लिंबाजीला खोली परत मिळाली. आक्कानं त्याला नांदेडला चल म्हणून परोपरीनं सांगितलं, पण तो हलला नाही. पोपडे गेलेल्या जागा स्वतः रंगवायला त्यानं तीन उन्हाळे घेतले. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली तो गेला. मयताला सगळी गल्ली होती. समितीतलं कुणी आलं नाही. नागुबाईला ते फार लागलं. पार्वतीबाईंना नाही. कुणी आलं असतं, तर त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.